बीपी निघाला, आता काय करायचं? खेड्यातल्या माणसासाठी पायरी-पायरीने

शिबिरात आशाताईने दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा वर निघाला, "उपकेंद्रात येऊन जा" एवढं सांगून तिने पुढचा नंबर बोलावला. असं ज्यांच्या बाबतीत नुकतंच झालंय त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. त्यांच्या घरच्यांसाठीही, कारण आपल्याकडे विदर्भात बाबांची बीपीची गोळी बहुतेक घरात सून किंवा नातूच लक्षात ठेवतो.

उपकेंद्रात सगळ्यात जास्त कानावर पडणारं वाक्य हे: "मले काईच तरास नाई, मंग गोई कायले खाऊ?" प्रश्न रास्त आहे. ताप आला की अंग तापतं, दाढ दुखली की झोप उडते. बीपी मात्र वर्षानुवर्षं १६०-१७०वर राहतो आणि माणूस डवरणी करतो, कापूस वेचतो, वरातीत नाचतो. डोकं दुखेल, चक्कर येईल, मग बघू, असं म्हणत लोक थांबतात, आणि बहुतेकांना यातलं काही होतच नाही. ठिबकच्या नळीत रोज जास्त दाब सोडला तर ती पहिल्या दिवशी फुटत नाही. आधी जोड सैल होतात, मग एखाद्या दिवशी कुठेतरी चिरते. रक्तवाहिन्यांचं तेच होतं, आणि त्यात हृदय, मेंदू, किडनी आणि डोळ्याचा पडदा भरडले जातात.

हा शहरातल्या, बसून खाणाऱ्यांचा आजार आहे असं अजूनही पारावर बोललं जातं. गडचिरोलीच्या सर्च संस्थेने तिथल्या ८६ गावांमधल्या मृत्यूंची कारणं शोधली, तेव्हा सगळ्यात वर निघाला तो लकवा. साधारण सातांतला एक मृत्यू त्याने झालेला होता. आणि लकव्याचं सगळ्यात मोठं कारण वाढलेला बीपीच.

तर बीपीचा कारभार त्रासावर चालवायचा नाही, आकड्यावर चालवायचा. पुढचं सगळं त्याच हिशोबाने.

आधी आकडा खरा आहे का ते बघा

शिबिरात मोजलेला बीपी पुष्कळदा खोटा निघतो. माणूस उन्हातून चालत आलेला असतो, गालात खर्रा (तंबाखू-सुपारी घोटून केलेला) असतो, रांगेत शेजाऱ्याशी सोयाबीनच्या भावावर वाद चाललेला असतो, आणि पट्टा शर्टाच्या बाहीवरूनच बांधलेला असतो. अशा वेळी आकडा सहज दहा-वीसने फुगतो.

नीट मोजायचं तर मोजण्याच्या अर्धा तास आधीपासून चहा, खर्रा, बिडी काही नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून खुर्चीवर पाच मिनिटं शांत बसा, दोन्ही पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही. दंड उघडा हवा. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून तिच्या खाली पट्टा बांधला तर तेही चुकीचंच. हात टेबलावर छातीच्या उंचीला टेकलेला असावा. मोजताना बोलायचं नाही, मोजणाऱ्यानेही नाही. एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजायचं. पहिल्या खेपेला दोन्ही हातांचा घ्या. ज्या हाताचा जास्त येतो तोच हात पुढे कायम. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, लहान पट्ट्याने आकडा वाढीव येतो.

वरचा आकडा १४० किंवा त्याहून जास्त, नाहीतर खालचा ९० किंवा त्याहून जास्त, दोन्हींपैकी एक जरी असला आणि वेगळ्या दिवशी पुन्हा तसाच आला, तर तो बीपीच. "वरचा वाढलाय पण खालचा बरोबर आहे" म्हणून सुटका नाही. साठीच्या पुढे वरचाच वाढतो आणि तोच घात करतो. १८०/११०च्या घरात आकडा असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरला दाखवा. सोबत छातीत दुखणं, धाप, दिसेनासं होणं, बरळणं यातलं काही असेल तर सरळ १०८ लावा.

गरोदर बाईचा बीपी हा वेगळा विषय आहे. १४०/९० आला तरी त्याच दिवशी डॉक्टर, घरी बसून विचार नाही.

कुठे जायचं

गावच्या उपकेंद्रावर आता आयुष्मान आरोग्य मंदिर अशी पाटी दिसते. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी असतात, बहुतेक जण त्यांना नुसतं सीएचओ म्हणतात. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा बीपी आणि शुगर तपासणं हे त्यांचं कामच आहे, त्यामुळे "उगाच कशाला त्यांना तरास" असं मनात आणू नका. गोळी पहिल्यांदा लिहून देतात ते प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर. बसली की पुढचा दर महिन्याचा साठा उपकेंद्रातच मिळू शकतो. देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम २०१७ला सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांमध्ये आपले वर्धा आणि भंडारा होते. म्हणजे ही घडी आपल्याकडे नवी नाही.

पहिल्या खेपेला काही तपासण्या मागून घ्या: रक्तातलं क्रिएटिनिन (यावरून किडनीचं काम कळतं), शुगर, चरबी, लघवीतलं प्रोटीन आणि एक ईसीजी. रक्ताचे नमुने प्राथमिक आरोग्य केंद्रातून महालॅब या सरकारी योजनेच्या प्रयोगशाळेत जातात, पैसे लागत नाहीत. क्रिएटिनिनचा कागद जपून ठेवा. पुढे कोणत्याही डॉक्टरकडे गेलात तर गोळी निवडताना तो सगळ्यात आधी तेच विचारेल. वय चाळिशीच्या आत असेल आणि बीपी फार जास्त असेल तर मात्र मोठ्या दवाखान्यात एकदा दाखवाच. तरुण वयात मागे किडनीचं किंवा दुसरं काही कारण लपलेलं असू शकतं आणि ते सापडलं तर इलाज वेगळा होतो.

एक जुनी वही करा. तारीख, आकडा, गोळीचं नाव. दवाखान्याचं कार्ड हरवतं, वही टिकते.

गोळी

इथे जरा रेंगाळते, कारण बीपीचे पेशंट बिघडतात ते इथेच.

सरकारी दवाखान्यात बहुधा अम्लोडिपीन ५ मिलिग्रॅमने सुरुवात होते. महिनाभरात आकडा १४०/९०च्या खाली आला नाही तर टेल्मिसार्टन जोडतात, तरी नाही आला तर तिचा डोस वाढवतात किंवा क्लोरथॅलिडोन देतात, जिला लोक लघवीची गोळी म्हणतात. शुगर किंवा हृदयाचा आजार असेल तर १३०/८०च्या खाली आणायचा प्रयत्न असतो. दुसरी गोळी लागली म्हणजे आजार हाताबाहेर गेला असं नाही. अर्ध्याहून अधिक लोकांना दोन लागतात, आणि एकाच गोळीचा डोस रेटण्यापेक्षा दोन गोळ्यांचे लहान डोस अंगाला सोसतात.

"एकदा सुरू केली की जन्मभर." हो, बहुतेकांना जन्मभर. पण त्याला सवय लागणं म्हणत नाहीत. गोळी सोडली की बीपी वर जातो, कारण गोळी त्याला दाबून धरत होती. आजार तिथेच होता. "बीपी नॉर्मल आला, आता बंद केली" हे वाक्य ऐकलं की मला लकव्याच्या वॉर्डातले चेहरे आठवतात. नॉर्मल आला तो गोळीमुळे. वजन उतरलं, मीठ कमी झालं, दारू सुटली तर डॉक्टर डोस कमी करतीलही, पण तो निर्णय वहीतले आकडे बघून त्यांनी घ्यायचा.

आता गोळी कुठे-कुठे चुकते ते बघा.

उपवासाला चुकते. चतुर्थी, एकादशी, श्रावण सोमवार, नवरात्र. घोटभर पाण्यासोबतच्या गोळीने उपास मोडत नाही, हे घरातल्या मोठ्या बाईने एकदा सांगितलं की पुन्हा कुणी विचारत नाही.

तपासणीच्या दिवशी चुकते. "बीपी पाहाचा होता म्हणून घेतली नाई." मग आम्ही जे मोजतो ते बिनगोळीचं असतं आणि उगाच डोस वाढतो. तपासायला येताना गोळी घेऊनच या. रक्ताची तपासणी उपाशीपोटी असली तरी पाण्यासोबत बीपीची गोळी चालते. शुगरच्या गोळीचं वेगळं, ती विचारून.

पाव्हणेर, लग्न, दारू. प्यायला म्हणून गोळी टाळणारे पुष्कळ आहेत. पिऊ नका हे सांगणारच, पण प्यालात म्हणून वरून गोळीही सोडली तर दोन्हीकडून बीपी चढतो.

आणि सगळ्यात मोठी फट पडते ती हंगामात. मृग लागला, पेरणी आली, की महिनाभर दवाखान्याचं तोंड कुणी बघत नाही. दिवाळीच्या पुढेमागे कापूस वेचणी, तिकडे पूर्वेला धानाची रोवणी आणि मग कापणी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे मजूर मिरची तोडायला तेलंगणात जातात, ते दोन-दोन महिने परतत नाहीत. हे सगळं आधीच ठाऊक असतं, तर साठाही आधीच मागा. सीएचओला सांगा, "पेरणीच्या आधी दोन महिन्यांच्या द्या." मिळतात. आठवडी बाजाराच्या दिवशी बाजार आणि गोळी एकाच फेरीत उरकायची सवय लावली तर वेगळी मजुरी बुडत नाही. उपकेंद्रात साठा संपला असेल तर जनऔषधी केंद्रात त्याच गोळ्या फार स्वस्त मिळतात. नाव मात्र औषधाचं सांगा, कंपनीचं नाही.

कंपनी बदलते तसा गोळ्यांच्या पत्त्याचा (स्ट्रिपचा) रंग बदलतो, आणि तिथून एक वेगळाच घोळ होतो. सरकारी दवाखान्यातली अम्लोडिपीन चालू असते, पोरगा तालुक्याच्या खासगी डॉक्टरकडे नेतो, तोही दुसऱ्या नावाची अम्लोडिपीन लिहितो, आणि बाबा दोन्ही खातात. मग चक्कर येते, आणि गावभर होतं की बीपीच्या गोळीने माणूस पडला. कोणत्याही नव्या डॉक्टरकडे जाताना सगळे पत्ते पिशवीत घालून न्या. तोंडी "पांढरी छोटी गोळी" सांगून कुणालाही कळत नाही, पांढऱ्या छोट्याच जास्त असतात. शेजारच्या काकाजींना लागू पडली म्हणून त्यांची गोळी तर मुळीच नाही. टेल्मिसार्टन गरोदरपणात पोटातल्या बाळाला घातक असते, त्यामुळे पुढे मूल हवं असलेल्या सुनेने-लेकीने ती सुरू करण्याआधी डॉक्टरला तसं सांगायलाच हवं.

अम्लोडिपीनने घोट्याला सूज येऊ शकते. आली तर बंद न करता दाखवा, बदलून देतात. एखादी वेळ चुकली तर त्याच दिवशी आठवल्यावर घ्या, दुसऱ्या दिवशी दोन एकदम नको. सकाळी की रात्री याने फारसा फरक पडत नाही, रोज एका वेळी असली म्हणजे झालं. दात घासायच्या जागी, लेकरांच्या हाताला येणार नाही इतक्या उंचीवर पत्ता ठेवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पत्त्यावर नातवाकडून पेनाने सूर्य किंवा चंद्र काढून घ्या.

मीठ मोजायचं कसं

जागतिक आरोग्य संघटना सांगते माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर, सगळं धरून. आपण साधारण दुप्पट खातो. पण चुलीपुढे बसलेल्या बाईला ग्रॅम सांगून उपयोग नाही. त्याऐवजी मिठाचा एक किलोचा पुडा फोडला की त्यावर तारीख लिहा. चार माणसांच्या घरात तो किमान ५० दिवस पुरला पाहिजे. महिन्याच्या आत संपत असेल तर हिशोब तुमच्यासमोर आहे. जनावरांचं मीठ वेगळं आणा, नाहीतर हा हिशोब बिघडतो.

कमी कुठे करायचं? भाताच्या पाण्यात आणि पोळीच्या कणकेत मीठ घालायची गरजच नाही. भाकरीत घालत असाल तर तेही सोडा. ज्वारीची गरम भाकर बिनमिठाची गोडच लागते. ताटातला मिठाचा ढीग बंद. वाळवणाचं मात्र बोलायला हवं, कारण आपल्याकडे उन्हाळाभर घराच्या छतावर मीठच वाळत असतं: पापड, कुरड्या, सांडगे, भरून वाळवलेल्या मिरच्या. त्यात पापडखार, आणि पापडखार किंवा खाण्याचा सोडा म्हणजेही सोडियमच. भजी फुगायला, हरभरा लवकर शिजायला जो चिमूटभर सोडा पडतो तो मिठात धरा. सुकट आणि सुक्या मासोळ्या आधी पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्या. लोणचं रोज नको, सणाला खा. ठेचा सोडा असं मी म्हणणार नाही, म्हटलं तरी कुणी ऐकणार नाही. ठेच्यात लसूण, शेंगदाणे आणि सांबार (कोथिंबीर) वाढवा, मीठ निम्मं करा, वरून लिंबू पिळा. जवसाच्या चटणीचंही तसंच, जवस चांगलाच आहे, मीठ तेवढं आवरा.

चौकातला पोहा-तर्री, आलूबोंडा, फरसाण, खारे शेंगदाणे यांत घरच्यापेक्षा कितीतरी जास्त मीठ असतं, शिवाय तेच ते तळलेलं तेल. बाजाराच्या दिवशी एक प्लेट झाली तर झाली. रोज सकाळी चहासोबत होत असेल तर घरच्या भाजीतलं मीठ कमी करून हाती काही लागत नाही.

सैंधव मीठ, काळं मीठ यांतही सोडियमच असतं. "सैंधव चालतं" हे कुणीतरी मोबाइलवर पसरवलंय. कमी सोडियमचं म्हणून जे मीठ विकतात त्यात पोटॅशियम असतं. किडनी कमजोर असेल किंवा टेल्मिसार्टन चालू असेल तर ते डॉक्टरला विचारल्याशिवाय नको.

जेवणात आपलं मूळचं खाणं वाईट नाहीच: अंबाडी, तरोटा, चवळीची भाजी, वरण, ज्वारी, ताक. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या आत बसलं तर उत्तम. सावजीची तर्री वर तरंगते ती कशाची, हे तुम्हाला ठाऊक आहे.

खर्रा

गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे, आणि पानठेल्यावर खर्रा घोटणं चालूच आहे. बीपीचा पेशंट दिवसाला चार-पाच पन्न्या चघळत असेल तर तो दर दोन-तीन तासांनी स्वतःला निकोटीनचा डोस देतो. प्रत्येक डोसला नाडी जोरात चालते, रक्तवाहिन्या आवळतात, बीपी चढतो. गोळी खाली ओढते, खर्रा वर. लोकांना वाटतं खर्ऱ्याने फक्त तोंड खराब होतं. हार्टअटॅक आणि लकव्यातही त्याचा वाटा आहे. बायकांमध्ये गुडाखू आणि तंबाखूची मशेरी चालते, ती विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, म्हणून घरच्यांनी विचारावी.

सोडायचा तर दिवस ठरवून पूर्ण सोडा, पोळ्यानंतर वगैरे नाही, याच आठवड्यातला. पहिले तीन-चार दिवस चिडचिड, डोकं जड, झोप नाही, हे होणार. आठवड्याभरात ओसरायला लागतं. खिशात बडीशेप, भाजलेला जवस, लवंग ठेवा. सुपारी नको, तिच्यामागून तंबाखू परत येते. १८००-११२-३५६ या फुकट नंबरवर तंबाखू सोडायला मदत करतात. शेतात सोबत्यांनी पन्नी पुढे केली तर "डॉक्टरने बंद केला" म्हणा. आपल्याकडे डॉक्टरचं नाव पुढे केलं की लोक आग्रह सोडतात.

कंबरदुखीची गोळी आणि सुई

यावर लोक फार कमी बोलतात. निंदण, वेचणी, रोवणी करून कंबर-गुडघे दुखतात, आणि मेडिकलमधून दहा रुपयांची दुखण्याची गोळी येते, किंवा गावात फिरणारा "डॉक्टर" सुई टोचतो. त्यात बहुधा डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन किंवा तसलंच काही असतं. या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात, बीपीच्या गोळीचा असर कमी करतात आणि किडनी बिघडवतात. टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी चालू असताना, वरून उन्हात अंगातलं पाणी कमी असताना, या गोळ्या रोज खाल्ल्या तर किडनीचं नुकसान पटकन होतं. बीपी दोन गोळ्यांनीही उतरत नसेल तर मी पहिला प्रश्न हाच विचारते: दुखण्याची कोणती गोळी खाता? दुखतंय तर पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरी, शेक द्या, आणि जास्त दिवस दुखत असेल तर दाखवा. सांधेदुखीच्या नावाने बिनलेबलच्या पुड्या मिळतात, त्यांपासून लांब राहा. त्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं आणि तेही बीपी, शुगर दोन्ही चढवतं.

एप्रिल-मे

शहरातली पुस्तकं वाचून लिहिलेला सल्ला आपल्याकडे उन्हाळ्यात अपुरा पडतो. पारा ४५च्या वर जातो तेव्हा घाम खूप जातो, रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी आपोआप थोडा उतरतो. तोच डोस मग जास्त होतो, आणि खाटेवरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हाताऱ्यांना जास्त. लोक काय करतात, गोळीच बंद करतात. पावसाळा जातो, थंडी येते, थंडीत बीपी वाढतो, आणि गोळी बंदच.

त्यापेक्षा एप्रिल लागला की एकदा बीपी मोजून घ्या. उठताना चक्कर येत असेल तर बसून आणि मग उभं राहून असा दोनदा मोजायला सांगा. डॉक्टर गरज असेल तर लघवीच्या गोळीचा डोस कमी करतात, आणि थंडीच्या तोंडावर परत वाढवतात. उलट्या-जुलाब लागले असतील तर त्याच दिवशी विचारा, कारण टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी एक-दोन दिवस थांबवावी लागू शकते. तेव्हा ओआरएस पाजायला बीपी आड येत नाही, जुलाबात ते औषध आहे.

आणि शेतात दिवसभर घाम गाळणाऱ्याने बीपी आहे म्हणून मीठ एकदम शून्य करू नये. जेवणात बेताचं मीठ आणि भरपूर पाणी, पातळ ताक, हे पुरतं; वरून मीठ-साखरेच्या बाटल्या रोज पिण्याची गरज नाही. पाणी बेताने प्या असं हृदयाच्या किंवा किडनीच्या डॉक्टरने सांगितलेलं असेल तर तुम्ही त्यांचंच ऐका, आणि दुपारी बारा ते चार शेतात जाऊ नका.

चालणं, वजन, टेन्शन

शेतात राबणं हा व्यायामच आहे, पण तो हंगामाचा. फेब्रुवारीनंतर पराटी (कपाशीची झाडं) उपटली की पुढचे तीन महिने बरेच जण पारावर असतात. त्या दिवसांत रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चाला. पोट सुटलं असेल तर चार-पाच किलो उतरले तरी आकड्यात दिसतं.

टेन्शन घेऊ नका असं सांगणं सोपं आहे. कर्ज आहे, बोंडअळी आहे, पोरीचं लग्न आहे. टेन्शनने बीपी चढतो-उतरतो, पण गोळी सोडायला ते कारण नव्हे. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर मराठीत बोलता येतं, फुकट आहे.

घरी मशीन घ्यायचं तर दंडाचं घ्या, मनगटाचं नको. आठवड्यातून एक-दोनदा मोजणं पुरे, आणि घरी १३५/८५च्या वर येत असेल तर तो वाढलेलाच समजा. दर तासाला मोजणारे लोक आकडा पाहून घाबरतात आणि घाबरून तो वाढवतात.

छातीत दुखलं किंवा लकवा मारला तर

हे आधीच ठरवून ठेवा, त्या वेळी सुचत नाही.

छातीत मधोमध दाबल्यासारखं, डाव्या हाताला, जबड्याला किंवा पाठीला जाणारं दुखणं, दरदरून घाम, धाप. शुगरवाल्यांना आणि बायकांना कधी नुसती मळमळ आणि कमालीचा थकवा. "गॅस झाला असन" म्हणून सोडा पिणं, बाम चोळणं, रात्र काढणं यात जीव जातात. माणसाला काम थांबवून बसवा, चालवू नका, १०८ लावा. १०८च्या गाडीत डॉक्टर असतो. फोनवर लक्षणं आणि आधीची औषधं सांगा आणि ते काय द्यायला सांगतात ते ऐका. जिभेखालची गोळी कुणाकडची मागून स्वतःच्या मनाने देऊ नका, बीपी एकदम कोसळू शकतो. गाडीला उशीर होणार असेल तर गावातली चारचाकी काढा. मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेणं शेवटचा उपाय. जिथे ईसीजी निघतो तिथेच न्या, म्हणजे ग्रामीण रुग्णालय किंवा पुढे, आणि पोचल्याबरोबर "आधी ईसीजी काढा" असं म्हणा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या बारा तासांत देता येतं, पण पहिल्या दोन-तीन तासांत त्याचा जो फायदा असतो तो नंतर राहत नाही.

लकव्यासाठी तीन गोष्टी करून बघा. हसायला सांगा, तोंड एका बाजूला जातं का. दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली पडतो का. नाव-गाव विचारा, जीभ अडखळते का. एक जरी असलं तरी निघा. पाणी, चहा, गोळी काही पाजू नका, ठसका लागून फुप्फुसात जातं. बीपी वाढलेला दिसला तरी घरी बीपीची जास्तीची गोळी देऊ नका. शेवटचं धड कधी पाहिलं ती वेळ लक्षात ठेवा, कारण गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत आणि सीटी स्कॅन काढल्यावरच देतात. म्हणून सीटी असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं हे आजच सीएचओला विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. लकव्याचं तेल, झाडपाला, मंतरलेलं पाणी देणारी जी ठिकाणं गावागावात प्रसिद्ध आहेत तिथे जायला नंतर आयुष्य पडलंय. ते साडेचार तास तिथे घालवू नका.

पिशवीत राशन कार्ड आणि आधार कार्डाच्या झेरॉक्स, बीपीची वही आणि गोळ्यांचे पत्ते तयार ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टीसारखे उपचार बसतात, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, पैसे भरण्याआधी त्याला गाठा. कोणती रुग्णालयं योजनेत आहेत ते १५५३८८ला फोन करून कळतं. हा फोनही आजच करून ठेवा.